वृषणाच्या कर्करोगात हॉर्मोन रिसेप्टरचं काम काय आणि रिपोर्ट कसे वाचायचे

स्तनाच्या कर्करोगाच्या रिपोर्टमध्ये ईआर (इस्ट्रोजेनचा) आणि पीआर (प्रोजेस्टेरॉनचा) हे दोन रिसेप्टर, म्हणजे हॉर्मोन जिथे जाऊन बसतं त्या पेशीवरच्या जागा, पॉझिटिव्ह आहेत की निगेटिव्ह, ते लिहिलेलं असतं, आणि त्यावर गोळ्या ठरतात. ते माहीत असलेले लोक वृषणाच्या रिपोर्टमध्येही तीच ओळ शोधतात आणि ती सापडली नाही की लॅब विसरली असं समजतात. लॅब विसरलेली नसते. वृषणाचे सुमारे ९५ टक्के कर्करोग जर्म सेलचे, म्हणजे शुक्राणू ज्या पेशींपासून बनतात त्यांचे असतात. त्यांचा उपचार ईआर-पीआरवर ठरत नाही आणि हॉर्मोन अडवणाऱ्या गोळीने ते बरे होत नाहीत. शस्त्रक्रिया, सिस्प्लॅटिन असलेली केमोथेरपी आणि सेमिनोमा (जर्म सेल गाठींचा एक प्रकार; बाकीच्या त्या नॉन-सेमिनोमा) असेल तर काही वेळा रेडिएशन, हाच त्यांचा उपचार. त्यामुळे हट्टाने ईआर-पीआर करून घेण्यात पैसे घालवू नका.

पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये बघायचं ते वेगळं. गाठीच्या पेशी ओळखायला काही प्रथिनं रंगवून बघतात. त्यांतली ऑक्ट-३/४ आणि सीडी-११७ दोन्ही पॉझिटिव्ह असतील तर रोख सेमिनोमाकडे, ऑक्ट-३/४ बरोबर सीडी-३० पॉझिटिव्ह असेल तर एम्ब्रायोनल कार्सिनोमा या नॉन-सेमिनोमाकडे. इनहिबिन आणि कॅलरेटिनिन पॉझिटिव्ह आले, तर गाठ जर्म सेलची नसून वृषणातल्याच लायडिग (टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या) किंवा सर्टोली (शुक्राणूंना वाढवणाऱ्या) पेशींची असण्याची शक्यता मोठी. हा फरक का महत्त्वाचा, ते खाली येईल.

कुठल्या पेशीवर कुठला रिसेप्टर

मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीतून एलएच आणि एफएसएच ही वृषणाला आदेश देणारी दोन हॉर्मोनं येतात. एलएचचा रिसेप्टर लायडिग पेशींवर असतो. तो चेतला की टेस्टोस्टेरॉन तयार होतं. एफएसएचचा रिसेप्टर सर्टोली पेशींवर असतो. त्या शुक्राणूंना वाढवतात. टेस्टोस्टेरॉनचा म्हणजे अँड्रोजेन रिसेप्टर सर्टोली, लायडिग आणि शुक्राणू बनतात त्या नलिकेभोवतीच्या पेशींत असतो, खुद्द जर्म सेलमध्ये नाही. प्रोस्टेटच्या कर्करोगात टेस्टोस्टेरॉन तोडतात तसं इथे करत नाहीत, त्याच्याशी हे जुळतं. इस्ट्रोजेनचं चित्र जास्त गुंतागुंतीचं आहे. सेमिनोमाच्या पेशींत इस्ट्रोजेन रिसेप्टर बीटा कमी झालेला आणि पेशीच्या आवरणावरचा जीपीईआर हा रिसेप्टर वाढलेला संशोधकांना दिसला आहे. पण हे अजून प्रयोगशाळेतलं ज्ञान आहे. त्यावर कुणी औषध विकत असेल तर घेऊ नका.

रुग्णाच्या कामाचं आहे ते एचसीजी, म्हणजे एरवी गरोदरपणात बनणारं हॉर्मोन, जे वृषणाच्या काही गाठीही सोडतात. एलएच, एफएसएच, थायरॉइडला चालवणारं टीएसएच आणि एचसीजी या चौघांची अल्फा साखळी एकच. वेगळी असते ती बीटा. म्हणून तपासणीही बीटा-एचसीजीची असते. एचसीजी एलएचशी इतकं मिळतंजुळतं आहे, की ते एलएचच्याच रिसेप्टरवर बसतं. गाठीने एचसीजी सोडलं की लायडिग पेशी पिट्युटरीचा आदेश नसतानाही कामाला लागतात. टेस्टोस्टेरॉन वाढतं, त्याबरोबर इस्ट्राडिओल हे इस्ट्रोजेन वाढतं आणि ते स्तनातल्या इस्ट्रोजेन रिसेप्टरवर जाऊन बसतं. बोंडाखाली दुखरी, रबरासारखी चकती हाताला लागते. रक्तात हॉर्मोन भरपूर दिसल्यावर पिट्युटरी हात आखडते, आणि एलएच-एफएसएच जवळजवळ शून्यावर येतात.

म्हणजे तरुण पुरुषाची छाती सुजली आहे, एलएच आणि एफएसएच तळाला आहेत, टेस्टोस्टेरॉन मात्र भरपूर आहे, असा रिपोर्ट आला तर दोन गोष्टी लगेच करा: बीटा-एचसीजी आणि वृषणाची सोनोग्राफी. बाहेरून स्टेरॉइड किंवा टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांतही एलएच असंच दबतं, तेव्हा जिमची इंजेक्शनं चालू असतील तर डॉक्टरांपासून लपवू नका. आणि वृषणात गाठ लागत असेल तर हॉर्मोनच्या रिपोर्टची वाट न बघता सोनोग्राफी आधी. अंडकोषातून सुई घालून तुकडा काढू देऊ नका. पेशी नव्या लसीका मार्गांत पसरू शकतात. वृषण काढायचं ते जांघेतून.

एचसीजी फार चढलं, सहसा ५०,००० युनिटच्या पुढे, तर ते टीएसएचच्या रिसेप्टरलाही थोडं चेतवतं. टीएसएच खाली, टी-४ (थायरॉइडचं हॉर्मोन) वर, छातीत धडधड, हात थरथरणं. इथे दोष थायरॉइडचा नसतो. गाठीवर उपचार झाले की तो शांत होतो. पण भूल देणाऱ्या डॉक्टरांना हा रिपोर्ट आधी दाखवलाच पाहिजे.

रक्त कधी आणि कसं द्यायचं

शस्त्रक्रियेच्या आधी बीटा-एचसीजी, एएफपी (काही गाठी रक्तात सोडतात ते प्रथिन) आणि एलडीएच (पेशींमधलं एक एन्झाइम) या तीन तपासण्या हव्यातच. पहिला आकडाच नसेल तर नंतरचा आकडा उतरला की नाही, हे कशावरून सांगणार? पुढच्या सगळ्या तपासण्या त्याच लॅबमध्ये करा, कारण यंत्र बदललं की आकडा बदलतो. केसांसाठी जास्त मात्रेचं बायोटिन चालू असेल तर डॉक्टरांना सांगून दोन-तीन दिवस आधी थांबवा. बायोटिनमुळे काही यंत्रांवर एचसीजी आणि टीएसएच खोटं कमी दिसतं, टेस्टोस्टेरॉन खोटं जास्त. टेस्टोस्टेरॉनचं रक्त सकाळी ७ ते १० च्या दरम्यान, उपाशीपोटी द्या, आणि कमी आलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासा. रक्त काढताना किंवा नेताना लाल पेशी फुटल्या तर एलडीएच उगाच वाढतं, म्हणून एकट्या एलडीएचवर घाबरू नका.

उतरण्याचा वेग असा मोजा. एचसीजी साधारण २४ ते ३६ तासांत निम्मं होतं, एएफपी ५ ते ७ दिवसांत. समजा, शस्त्रक्रियेच्या दिवशी एचसीजी ४,००० आणि एएफपी ६४० आहे. ३६ तासांचा हिशेब धरला तर एचसीजी तिसऱ्या दिवशी १,०००, सहाव्या दिवशी २५०, नवव्याला ६२, बाराव्याला १६ आणि पंधराव्याला ४ च्या आसपास हवं. एएफपी सात दिवसांच्या हिशेबाने ३२०, १६०, ८०, ४०, २० असं उतरत पाचव्या आठवड्यात २० वर येईल. आकडा यापेक्षा हळू उतरला, मध्येच थबकला किंवा वर चढला, तर रोग कुठेतरी शिल्लक आहे असं धरून सीटी स्कॅनकडे बघायचं. प्रत्येक रिपोर्टवर तारीख आणि शस्त्रक्रियेपासूनचा दिवस हाताने लिहून ठेवा; ओपीडीत सगळे कागद एकत्र मांडले की वेग डोळ्यांना दिसतो.

एएफपीबद्दल एक पक्की गोष्ट: शुद्ध सेमिनोमात ते वाढत नाही. रिपोर्टवर सेमिनोमा लिहिलं आहे पण एएफपी वाढलेलं आहे, आणि यकृताचा आजार नाही, तर उपचार नॉन-सेमिनोमासारखे होतात.

आकडा फसवतो तेव्हा

वृषण काढल्यावर किंवा केमोनंतर टेस्टोस्टेरॉन घटलं, तर पिट्युटरी एलएच जोरात सोडते आणि त्याबरोबर किंचित एचसीजीही. काही यंत्रं तर एलएचलाच एचसीजी समजतात. अशा वेळी एचसीजी थोडंसं वर दिसतं, तिथेच रेंगाळतं आणि रोग परत आल्याची धास्ती बसते. त्याच नमुन्यात एलएच बघा. एलएच जास्त असेल तर डॉक्टर टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन देऊन एचसीजी पुन्हा तपासतात. ते खाली आलं तर उगम पिट्युटरीत होता, गाठीत नाही. एवढी साधी खातरजमा न करता केमो सुरू करणं ही मोठी चूक. रक्तातल्या काही अँटिबॉडींमुळेही एचसीजी खोटं वाढलेलं दिसतं. त्या लघवीत उतरत नाहीत, म्हणून लघवीत एचसीजी शून्य आलं आणि दुसऱ्या यंत्रावरही ते दिसलं नाही, तर आकडा खोटा. याच्या उलट, एचसीजी प्रचंड असेल तर यंत्र अडखळून कमी आकडा दाखवतं. गाठ मोठी आणि आकडा छोटा, हे पटत नसेल तर नमुना पातळ करून पुन्हा तपासायला सांगा. प्रेग्नन्सी स्ट्रिपवर विसंबू नका. ती निगेटिव्ह आली म्हणून कर्करोग नाही असं होत नाही. बऱ्याच गाठी एचसीजी बनवतच नाहीत.

लायडिग पेशींची गाठ

इथे रिसेप्टरच बिघडलेला असू शकतो. लहान मुलांतल्या काही लायडिग गाठींत एलएच रिसेप्टरच्या जीनमध्ये असा बदल सापडतो, की एलएच नसतानाही रिसेप्टर चालूच राहतो. सहा-सात वर्षांच्या मुलाला जघनाचे केस येणं, उंची झपाट्याने वाढणं आणि एकच वृषण मोठं दिसणं ही त्याची खूण. एलएच तळाला, टेस्टोस्टेरॉन मोठ्या माणसासारखं, आणि एचसीजी-एएफपी दोन्ही नॉर्मल. प्रौढांत काही वेळा इस्ट्राडिओल वाढून छाती सुजते. यांतल्या बहुतेक गाठी साध्या असतात, पण मोठ्या माणसात काही कर्करोगाच्या निघतात, म्हणून पॅथॉलॉजी रिपोर्ट नीट वाचून घ्या.

उपचारानंतर

एक वृषण राहिलं तरी बहुतेकांना टेस्टोस्टेरॉन पुरतं. तरीही टेस्टोस्टेरॉन, एलएच आणि एफएसएच तपासत राहा. टेस्टोस्टेरॉन नॉर्मल पण एलएच चढतं, याचा अर्थ उरलेलं वृषण ताण घेऊन काम करतंय. एफएसएच चढलं तर शुक्राणू कमी बनत असावेत. थकवा, कामेच्छा जाणं आणि दोनदा कमी टेस्टोस्टेरॉन, असं असेल तर बाहेरून ते दिलं जातं. पण बाहेरून दिलेलं टेस्टोस्टेरॉन एलएच आणि एफएसएच दोन्ही दाबतं. सर्टोली पेशींना आदेश मिळत नाही आणि शुक्राणू बनणं थांबतं. शुक्राणू गोठवून ठेवायचे तर शक्यतो शस्त्रक्रियेच्या आधी, नाहीतर केमोच्या आधी. आणि पुढे मूल हवं असेल तर ते पहिलं इंजेक्शन लिहिलं जाण्यापूर्वीच डॉक्टरांना सांगा.