हुकमी गोली थांबला, आता संघ कसा बांधायचा?

संघातला सगळ्यात जुना, सगळ्यात भरवशाचा खेळाडू थांबला की दुसऱ्याच दिवशी मैदानाच्या कडेला एकच प्रश्न सुरू होतो: त्याच्या जागी कोण? मी पुण्यातल्या खडकीत क्लबच्या मुलांना हॉकी शिकवतो. आमचा गोली, म्हणजे गोलरक्षक, ज्याला सगळे अण्णा म्हणतात, चाळिशी ओलांडल्यावर थांबला, तेव्हा पालकांपासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांनी मला हेच विचारलं. माझं कळकळीचं सांगणं आहे, की हा प्रश्न निदान महिनाभर बाजूला ठेवा. आधी एवढंच शोधा, की तो माणूस नेमकी काय काय कामं करत होता.

त्यासाठी वही घ्या. मोबाइलवर काढलेले का होईना, दोन-तीन जुन्या सामन्यांचे व्हिडिओ मिळवा आणि चेंडू सोडून फक्त त्या एका माणसाकडे बघा. अण्णांच्या बाबतीत मी लिहीत गेलो तसतसं लक्षात आलं, की चेंडू अडवणं हे त्यांच्या कामांपैकी एक होतं, एवढंच. लेफ्ट हाफ, म्हणजे डावीकडचा खेळाडू, पुढे निघाला की त्याच्या पाठीमागे कोण उरलंय हे तेच ओरडून सांगायचे. समोरच्या संघाला पेनल्टी कॉर्नर मिळाला की पहिला रनर, म्हणजे फटका अडवायला गोलमधून पुढे धावणारा, कोण आणि तो कुठल्या रेषेत पळणार हे तेच ठरवायचे. एका गोलने पुढे असताना शेवटच्या पाच मिनिटांत ‘घाई नको, कोपऱ्यात न्या’ ही हाक त्यांची. हरलेल्या सामन्यानंतर ज्याच्या चुकीने गोल झाला त्या पोराला घेऊन चहाला जाणारे तेच. शिवाय दोन धाकट्या पोरांना स्कूटरवरून सरावाला आणणं होतंच. ते बंद झालं तर पोरं येईनाशी होतात, म्हणून तेही वहीत लिहा.

यादी झाली की कामं वाटा. ती एकाच माणसाला देऊ नका. सगळ्यांची पहिली ओढ हीच असते, की सगळं कर्णधाराच्या गळ्यात घालायचं. मग कर्णधाराचा स्वतःचा खेळ बिघडतो आणि एका माणसाच्या जाण्याने दोघं गमावल्यासारखं होतं. आम्ही पेनल्टी कॉर्नरची मांडणी राइट बॅककडे दिली, शेवटच्या पाच मिनिटांची लगाम सेंटर हाफकडे, हरल्यावरचा चहा राखीव फॉरवर्डकडे, कारण तो मनाने मोठा मुलगा आहे. नव्या गोलीकडे फक्त गोल आणि हाका ठेवल्या. कोणाकडे काय, हे सगळ्यांसमोर स्पष्ट सांगा. ‘समजून घेतील’ असं धरून चालू नका.

हे काम खरं तर जुना खेळाडू असतानाच सुरू व्हायला हवं, आणि ते कसं करायचं याचं आपल्या डोळ्यांसमोरचं उदाहरण म्हणजे भारताचा गोली पी. आर. श्रीजेश. टोकियो ऑलिंपिकमध्ये जर्मनीविरुद्ध ५-४ अशी आघाडी असताना शेवटच्या क्षणांतला पेनल्टी कॉर्नर अडवणारा, पॅरिस ऑलिंपिकमध्ये ग्रेट ब्रिटनविरुद्ध संघ दहा जणांवर आलेला असताना गोल राखणारा आणि मग शूटआउट जिंकून देणारा हा माणूस ८ ऑगस्ट २०२४ ला स्पेनविरुद्धचा कांस्यपदकाचा सामना २-१ ने जिंकून थांबला. वय ३६. भारतभर एकच सूर होता, आता कसं होणार. आणि १७ सप्टेंबरला चीनमधल्या हुलुनबुइरला आपण यजमान चीनला १-० ने हरवून आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफी जिंकलो. गोलमध्ये कृष्ण पाठक आणि मुंबईचा सूरज करकेरा होते.

हे चाळीस दिवसांत घडलेलं नाही. श्रीजेश खेळत असतानाच अनेक सामन्यांत त्याने आणि पाठकने क्वार्टर, म्हणजे सामन्याचे चार भाग, वाटून घेतले होते. पॅरिसला सोळा जणांच्या संघात गोली एकच, म्हणून पाठक राखीव खेळाडूंत होता. पण त्याने मोठ्या संघांचे फ्लिक, म्हणजे स्टिकने उचलून फेकलेले जोरदार फटके, आधीच अंगावर घेतले होते. श्रीजेशनेही तरुणपणी हेच सोसलं होतं. मुंबईचा एड्रियन डिसूझा आणि भरत छेत्री यांच्या मागे तो वर्षानुवर्षं थांबला होता.

तेव्हा तुमच्याकडे पस्तिशीपुढचा गोली असेल तर आजच ठरवा, की दर सामन्यातला एक क्वार्टर दुसऱ्या गोलीचा. तिसरा क्वार्टर द्या. सामना चालू असतो, निकाल लागलेला नसतो, चूक भरून काढायला पंधरा मिनिटं शिल्लक असतात. ४-० ने पुढे असताना शेवटची दोन मिनिटं पोराला उतरवणं म्हणजे त्याला काहीच न देणं. जुन्या खेळाडूला हे आवडणार नाही. त्याच्याशी एकट्याने बसून बोला, संघासमोर नको, आणि निर्णय त्याला दुसऱ्याच्या तोंडून कळू देऊ नका.

आता हाकांबद्दल, कारण नवे गोली सगळ्यात जास्त इथेच अडतात. अडवणं येतं, बोलणं येत नाही. आमचा नवा गोली एकोणीस वर्षांचा, प्रतिक्षेप उत्तम, पण तीस वर्षांच्या फुलबॅकला ‘डावीकडे सरक’ म्हणायला त्याची जीभ रेटत नव्हती. मोठ्यांना अहो-जाहो करणाऱ्या घरातला मुलगा. त्याला मी सांगितलं, की डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धगोलाच्या, आत सगळे एकेरी आणि मॅच संपली की पुन्हा दादा. हे फुलबॅकलाही त्याच्यादेखत सांगितलं. ते महत्त्वाचं, कारण पोराला मोठ्याची परवानगी कानाने ऐकायची असते.

मग सराव असा घेतला. चार डिफेंडर डीच्या काठावर, तोंड मैदानाकडे, मान मागे वळवायला बंदी. चेंडू समोर पन्नास पावलांवर फिरतोय आणि मी दोन फॉरवर्ड त्यांच्या पाठीमागून, बॅकलाइनच्या बाजूने आत सोडतोय. ते फक्त गोलीला दिसतात. त्याने हाक दिली तरच डिफेंडरने हलायचं. हाक नाही तर जागेवर उभं राहून गोल होऊ द्यायचा. पहिल्या दिवशी गोलमागून गोल झाले, कारण तो ‘मागे, मागे’ एवढंच ओरडत होता आणि चौघंही एकदम मागे येत होते. म्हणून नियम केला: आधी नाव, मग दिशा, आणि हाक चेंडू यायच्या आधी. चेंडू पोहोचल्यावर दिलेली हाक म्हणजे नुसता आवाज. आमच्या मैदानावर हिंदी, मराठी, तमिळ सगळं मिसळून चालतं, आणि चालू द्यावं. पण एका कामाला एकच शब्द ठरवा. चेंडू गोली घेणार असेल तर ‘माझा’, डिफेंडरने काढायचा असेल तर ‘काढ’. तिसरा शब्द नाही. दोन आठवड्यांनी बचावफळी आपोआप त्याच्या आवाजावर सरकायला लागली. डिफेंडरचा गोलीवर विश्वास बसतो तो आधी त्याच्या आवाजावर, किकरवर, म्हणजे पायातल्या पॅडवर, नंतर.

पेनल्टी कॉर्नरच्या बचावात गोलीसह पाचच जण, त्यामुळे तिथे नव्या गोलीची आणि पहिल्या रनरची जोडी पक्की करा. रनर दर सामन्याला बदलू नका. रनर फ्लिकची एक बाजू झाकतो, दुसरी गोलीची. कुठली कोणाची, हे दोघांनी कॉर्नर लागायच्या आधी एकमेकांना बोलून दाखवायचं.

जाणारा खेळाडू ड्रॅगफ्लिकर, म्हणजे पेनल्टी कॉर्नरवर फ्लिक मारणारा, असेल तर गोष्ट वेगळी. थोडक्यात सांगतो: सगळे कॉर्नर एका नव्या पोराला देऊ नका. एकट्यानेच रोज फ्लिक मारून वाढत्या वयाची कंबर जाते. दोन फ्लिकर तयार करा आणि पुशर (चेंडू आत ढकलणारा), स्टॉपर (तो थांबवणारा) तेच ठेवून दोन बदल पाठ करून घ्या. फ्लिक साधारण असला तरी समोरच्या रनरला पर्याय दिसले पाहिजेत.

आणि आता पडत्या काळाची तयारी. पहिली स्पर्धा चांगली जाते, हे मी खूपदा पाहिलंय. सगळे ईर्ष्येने खेळतात. खरा उतार नंतर येतो. भारतीय संघाचंच बघा. जून २०२५ मध्ये प्रो लीगच्या युरोपातल्या टप्प्यात आपण ओळीने सात सामने हरलो, बहुतेक एकेका गोलच्या फरकाने, आणि शेवटी बेल्जियमला ४-३ ने हरवून थोडा श्वास घेतला. ‘श्रीजेश असता तर’ असं म्हणणारे मला तेव्हा खडकीतही भेटले. सप्टेंबरात राजगीरला त्याच संघाने कोरियाला ४-१ ने नमवून आशिया चषक जिंकला आणि २०२६ च्या विश्वचषकात जागा मिळवली. जूनमध्ये घाबरून सगळं उलटंपालटं केलं असतं तर सप्टेंबर दिसला नसता, असं माझं मत आहे. म्हणून हंगाम सुरू होण्याआधीच संघाच्या कमिटीकडून शब्द घ्या, की गोली निदान अमुक सामन्यांपर्यंत बदलला जाणार नाही. आकडा तुमच्या स्पर्धांवर ठरवा, पण तो आधी ठरवा. सलग तीन पराभवांनंतर कोणीच शांत डोक्याने बोलत नाही.

अण्णांना परत बोलवा, हा आग्रह तेव्हाच सुरू होतो. तो मोडा. पण माणूस तोडू नका. खडकीत हे सांगताना धनराज पिल्लेचं नाव निघणारच. तो इथला, त्याचे वडील इथल्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या मैदानाची देखभाल करायचे. १९९८ ला त्याच्या नेतृत्वाखाली बँकॉकच्या आशियाई खेळांत ३२ वर्षांनी सुवर्ण आलं आणि लगेच त्याच्यासकट अनेक ज्येष्ठांना वगळलं गेलं. २००० च्या सिडनी ऑलिंपिकला तो पुन्हा संघात होता, कारण त्याची जागा भरायची तयारी कोणी केलीच नव्हती. आमच्या भागातल्या लोकांना त्याचं दुःख आजही आहे. एका झटक्यात ज्येष्ठांना काढलं की तरुण पोरंही बघत असतात, की उद्या आपल्याशी असंच वागतील.

श्रीजेशला हॉकी इंडियाने २०२४ मध्ये प्रशिक्षक म्हणून ज्युनिअर संघ दिला. मला ती व्यवस्था फार पटली. सीनिअर संघाच्या बाकावर तो बसला असता तर प्रत्येक गोलनंतर पाठकने आणि प्रेक्षकांनीही त्याच्याकडेच पाहिलं असतं. आम्ही अण्णांना चौदा वर्षांखालच्या मुलांचे गोली दिलेत. रविवारी सकाळी ते त्यांना पॅडचे पट्टे बांधण्यापासून शिकवतात. सीनिअर सामन्याला ते येतात, पण समोरच्या बाजूला बसतात, आपल्या गोलमागे नाही. हे त्यांनीच सुचवलं.

जर्सीचा प्रश्नही येईल. श्रीजेशचा १६ नंबर सीनिअर संघात आता कोणी घालणार नाही. देशाच्या पातळीवर ते शोभतं. क्लबमध्ये मात्र नंबर चालू ठेवा, फक्त नव्या गोलीला लगेच देऊ नका. त्याने त्याचाच नंबर घालावा. जुना नंबर वर्ष-दीड वर्षाने एखाद्या बचावपटूला द्या, म्हणजे तुलना होत नाही.

राहिला शूटआउट. जुना गोली असताना आपण पाच जणांची यादी आयत्या वेळी करत असू, कारण मागे तो होता. आता ती यादी हंगामाच्या सुरुवातीला करा. शूटआउटमध्ये एकेका खेळाडूला २३ मीटरच्या रेषेवरून निघून गोल करायला आठ सेकंद. नव्या गोलीला या आठ सेकंदांचा सराव दमलेल्या पायांनी हवा, म्हणून तो नेहमी सरावाच्या शेवटी घ्या. गोली पुढे किती यायचा, कधी थांबायचं, कधी पसरायचं, हे त्याच्या उंचीवर आणि धावेवर ठरवा. अण्णा कसे करायचे यावर नाही. आमचा मुलगा बुटका आणि चपळ आहे. तो पाच पावलं जास्त पुढे येतो आणि त्याला ते साधतं.