कपॅसिटर चार्ज होताना मल्टिमीटरवर कसा पाहावा

पंखा रखडत फिरायला लागला की इलेक्ट्रिशियन 'कंडेन्सर गेलाय' म्हणतो, तोच हा कपॅसिटर. प्रयोगासाठी मात्र पंख्याचा काढू नका. 230 व्होल्टशी खेळ नको. 9 व्होल्टची बॅटरी, 1000 मायक्रोफॅरड–25 व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, 10 किलोओहमचा रेझिस्टर, ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता वायरी खोचून जोडायची भोकांची पाटी) आणि डिजिटल मल्टिमीटर एवढं पुरे.

1. आधी पाय ओळखा. कपॅसिटरच्या अंगावर पट्टी असते, त्या बाजूचा पाय निगेटिव्ह. उलटा जोडलात तर तो तापतो, फुगतो, कधी फुटतोही.

2. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून रेझिस्टर, पुढे कपॅसिटरचा पॉझिटिव्ह पाय आणि त्याच्या निगेटिव्ह पायापासून परत बॅटरी, अशी जोडणी करा. शेवटची वायर तेवढी मोकळी ठेवा.

3. मीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवून त्याच्या पिना कपॅसिटरच्या दोन पायांना लावा. आता वायर जोडा आणि घड्याळ बघा. साधारण 10 सेकंदांनी 5.7 व्होल्ट, 20 सेकंदांनी 7.8, 30 ला 8.5 च्या पुढे. नंतरचा आकडा अगदी रेंगाळतो.

असं का? सुरुवातीला कपॅसिटर रिकामा, म्हणून सगळे 9 व्होल्ट रेझिस्टरवर पडतात आणि 0.9 मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. कपॅसिटरचं व्होल्टेज चढेल तसं रेझिस्टरच्या वाट्याला कमी उरतं, प्रवाह मंदावतो. म्हणजे व्होल्टेज शून्य असतं तेव्हाच प्रवाह सर्वांत जास्त! कपॅसिटरच्या आत धातूच्या दोन प्लेटा आणि त्यांच्यामध्ये विद्युतरोधक असतो; हा प्रवाह तो विद्युतरोधक ओलांडत नाही. इलेक्ट्रॉन एका प्लेटवरून निघून बॅटरीमार्गे दुसऱ्या प्लेटवर जमतात. शेवटी एकीवर +9 मिलिकूलोम, दुसरीवर तेवढाच ऋण प्रभार, बेरीज शून्यच. 'कपॅसिटरमध्ये प्रभार साठतो' हे म्हणणं मला म्हणूनच अर्धवट वाटतं. प्रभार वेगळा होतो, साठते ती ऊर्जा.

4. आता मीटरच्या पिना रेझिस्टरवर न्या, लाल पिन बॅटरीच्या बाजूला. बॅटरी काढा आणि तिच्या दोन मोकळ्या वायरी एकमेकींना जोडा. (बॅटरी जागेवर असताना हे करू नका, ती शॉर्ट होईल.) आकड्यामागे उणे चिन्ह दिसेल, कारण प्रवाह उलटा फिरला. 9 पासून सुरू होऊन 10 सेकंदांत तो 3.3 वर येतो. व्होल्टच्या आकड्याला 10 ने भागलं की प्रवाह थेट मिलिअँपिअरमध्ये.

तुमचे आकडे थोडे मागेपुढे होतीलच. अशा कपॅसिटरची क्षमता छापील आकड्यापेक्षा 20 टक्क्यांपर्यंत कमी-जास्त असणं नेहमीचं आहे.