विहिरीचं पाणी गढूळ येतंय? आधी बाटली भरून बघा

यावल-रावेरकडची जमीन तापीच्या गाळाची. तिथल्या घरच्या विहिरीला पहिल्या पावसानंतर गढूळ पाणी आलं की लोक थेट गाळ काढणाऱ्यांना बोलावतात. थांबा. काचेच्या बाटलीत पाणी भरून ओट्यावर ठेवा. दोन-चार मिनिटांत तळाशी कण बसले, बोटांत चोळल्यावर खरखरले, तर ती रेती. मोटारीचा फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या खालच्या टोकाची झडप, तळाला टेकलाय. तो दोन-तीन फूट वर घ्या आणि पाणी सलग न उपसता थांबून थांबून उपसा. बहुतेकदा एवढ्यावर भागतं.

रात्रभर ठेवूनही पाणी चहासारखंच राहिलं तर ती माती, आणि ती वरून येतेय. कठड्याच्या भेगा सिमेंटने बुजवा, भोवती बाहेर उताराचा ओटा करा. पिण्याच्या हंड्यात तुरटी दोन-तीनदाच फिरवा. तुरटीनं पाणी निवळतं, जंतू मरत नाहीत, उकळायचंच.

गाळ काढायचाच तर वैशाखात, पाणी तळाला असताना. आणि कळकळीनं सांगतो, विहिरीत डिझेल इंजिन उतरवू नका, त्याच्या धुराने आत माणसं दगावतात.