केळीच्या मळ्यातल्या जुन्या इंजिनाला रंग देताना

आमच्या रावेर-यावल पट्ट्यात विहिरीवर वीज यायच्या आधी केळीच्या बागा जगवल्या त्या मोठ्या चाकाच्या डिझेल इंजिनांनी. इंग्लंडच्या लिस्टर कंपनीच्या इंजिनाच्या धर्तीवर राजकोटला बनलेली, सहा घोड्यांची (हॉर्सपॉवरची), मिनिटाला ६५० फेरे घेणारी ही इंजिनं अजून कित्येक मळ्यांत बारदानाखाली पडून आहेत. भंगारात देऊ नका. नीट रंग दिला तर ती पुढची पिढीही पाहील.

खरं काम रंगाच्या आधीचं. बिडात, म्हणजे ओतीव लोखंडात, वर्षानुवर्षं तेल मुरलेलं असतं. वरून कितीही पुसा, ऊन लागलं की ते पुन्हा पाझरतं आणि रंगाचे पोपडे निघतात. त्यासाठी आपल्या खान्देशचा उन्हाळा कामाला घ्यावा. इंजिन खोलून बिडाचे भाग एप्रिल-मे महिन्यांत पत्र्यावर उन्हात ठेवा. पारा ४४-४५ वर गेला की हात ठेववत नाही, आणि तेल आपसूक घाम फुटल्यासारखं वर येतं. संध्याकाळी डिझेलच्या फडक्याने पुसा, दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवा. फडकं स्वच्छ निघेपर्यंत हे चालू द्या. शेवटी धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने घासा. ॲल्युमिनियमच्या भागांना मात्र सोडा लावू नका, तो धातू खातो.

रंग मात्र उन्हाळ्यात देऊ नका. तापलेल्या बिडावर थिनर लगेच उडतो, पृष्ठभाग खडबडीत होतो, वर धूळ बसते. पावसाळ्यात ओल नडते. दिवाळीनंतर, दव वाळल्यावर, सकाळी नऊ-दहाचा वेळ उत्तम.

जुना रंग शिशाचा असू शकतो, म्हणून कोरडा घासू नका. वॉटर पेपर (ओला वापरायचा पॉलिश पेपर) पाण्यात भिजवून घासा आणि तोंडाला मास्क बांधा. कंपनीच्या पितळी पट्टीखाली मूळ रंग बहुतेक शाबूत असतो. तोच जुळवून घ्या. मला चकचकीत पोपटी इंजिन पाहवत नाही, त्याचा गडद हिरवा त्यालाच शोभतो. बीड वाळलं की थिनरचा हात मारून त्याच दिवशी रेड ऑक्साइडचा अस्तराचा हात लावा, नाहीतर रातोरात तांबूस गंज चढतो. खड्ड्यांना लांबी (पुट्टी) भरा, पण ओतीव अक्षरं बुजवू नका. मग एनॅमलचे दोन पातळ हात, मध्ये एक दिवस सोडून.

पितळी पट्टी, ग्रीसचे कप, चाकाची पट्टा चालणारी कड आणि गॅस्केट बसतात ते भाग कोरे ठेवा. सायलेन्सरला उष्णता सहन करणारा चंदेरी रंगच लावा, साधा एनॅमल जळून जातो.

आठवडाभर इंजिन चालू करू नका. चालू करण्याआधी डिझेलच्या नळीचे सगळे वायसर बदलून घ्या, कारण कोवळ्या रंगावर डिझेल गळलं तर तो नरम पडून सुटतो.