गाडीचा आवाज आणि आपली घाई: या चुका टाळा

मी मोटरसायकलचा मेस्त्री. रोज मोबाईलवर गाडीच्या आवाजाची दोन-तीन रेकॉर्डिंग येतात. "दादा, ऐका आणि सांगा काय झालंय." मी ऐकतो. इंजिनाच्या माथ्यावरचा, व्हॉल्व्ह उघडणारा टॅपेट असो, आतली टायमिंग चेन असो नाहीतर हलणारी नंबर प्लेट असो, फोनमधून सगळं सारखंच कटकट ऐकू येतं. त्यात पाठवणारा जागेवर गाडी फुल रेस करून दाखवतो. त्या गोंगाटात बिघाडाचा आवाज कुठला कळणार?

आवाज कुठून येतो हे नंतर बघा, आधी तो कधी येतो ते बघा. थंड गाडीत येतो की गरम झाल्यावर? रेस सोडताना की चढाला? क्लच दाबल्यावर बदलतो का? गाडी आली की मी पाना हातात घेण्याआधी एवढंच विचारतो. गिऱ्हाइकाला वाटतं, मेस्त्री टाइमपास करतोय.

माझा सगळ्यात जास्त राग टॅपेट टाइट करणाऱ्यांवर आहे. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीला टॅपेटचा हलका टिकटिक आवाज असतोच. रॉकर म्हणजे दाबणारा दांडा, व्हॉल्व्ह म्हणजे त्याने उघडणारी झडप; दोघांमध्ये कागदाच्या जाडीएवढी फट मुद्दाम ठेवलेली असते. नवशिक्याला ती टिकटिक खुपते. तो व्हिडिओ बघतो, वरची दोन झाकणं काढतो आणि आवाज बंद होईपर्यंत स्क्रू पिळतो. गाडी शिवणयंत्रासारखी चालते आणि मित्रही शाबासकी देतात.

असाच एक कॉलेजचा मुलगा दोन महिन्यांनी गाडी ढकलत आणतो. सकाळी सुरू होते, गरम झाली की नाही. किक मारली तर पाय सरळ खाली जातो, दाबच लागत नाही. त्याच्या गल्लीतल्या एकाने "पिस्टनच्या रिंगा गेल्या, बोअर-पिस्टन करावं लागेल" असं सांगून खर्चाचा आकडाही दिलेला. मी हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवलं. पिस्टन ठीक होता, पण धूर बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडेचा नखाएवढा तुकडा जळून गेलेला. तो व्हॉल्व्ह थंड होतो तो सीटवर टेकलेला असतानाच, तेव्हाच त्याची उष्णता हेडमध्ये जाते. फटच ठेवली नाही, तर तो पूर्ण टेकत नाही. मग पेटलेला गॅस कडेतून निसटतो आणि कड खातो. हे सगळं होताना गाडी एकदम शांत असते. म्हणून वाजणारा टॅपेट मला एक वेळ चालतो, मुका टॅपेट चालत नाही.

करायचंच असेल तर रात्रभर थंड झालेल्या इंजिनवर करा. इंजिनाच्या बाजूला फिरणाऱ्या मॅग्नेटवरची 'T' अक्षराची खूण केसिंगवरच्या खुणेशी जुळवा आणि दोन्ही रॉकर हलतात का बघा. हलत नसतील तर आणखी एक पूर्ण फेरा द्या. फट मोजायच्या पातळ पट्ट्या, म्हणजे फिलर गेज, वापरा, आकडा मॅन्युअलमधून घ्या. "ब्लेडच्या पात्याने अंदाज येतो" म्हणणाऱ्याला गाडी देऊ नका.

टॅपेट ओळखायची माझी सवय साधी आहे. व्हॉल्व्ह चालवणारा कॅम हा पिस्टनने फिरणाऱ्या खालच्या क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे टॅपेटची टिकटिक इंजिनाच्या मानाने संथ वाटते. तेवढ्याच रेसला दुप्पट वेगाचा ठोका ऐकू आला, तर खाली बघायचं. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनवर आणि मूठ कानापुढच्या हाडावर ठेवली की जागा बऱ्यापैकी सापडते. शर्टाच्या बाह्या आणि गळ्यातला पंचा चेनपासून लांब ठेवा.

रेस सोडताना खर्र होत असेल तर कॅम फिरवणारी टायमिंग चेन आणि तिला ताणून धरणारा टेन्शनर बघा. क्लच दाबल्यावर आवाज जात असेल, तर हेड खोलू नका, क्लचच्या बाजूला जा. सायलेन्सरच्या पॅकिंगमधून फटफट होत असेल, तर जोडावर काजळी दिसतेच. खंबाटकीच्या चढाला टॉप गिअरमध्ये गोट्या वाजल्यासारखं होत असेल, तर आधी एक गिअर खाली टाका. निम्म्या वेळा इंजिनात काहीच बिघडलेलं नसतं.

आता चालता चालता बंद पडणाऱ्या गाडीचं. इथे माझी स्वतःची फजिती सांगतो. वीटभट्टीवरची एक गाडी सात-आठ किलोमीटर गेली की बंद पडायची, पाच मिनिटांनी आपोआप सुरू व्हायची. मी कार्बोरेटर दोनदा साफ केला, प्लग बदलला, कॉइल बदलून पाहिली. माझ्याकडे ती नेहमी सुरू व्हायची. शेवटी मी स्वतः चालवत गेलो आणि ती रस्त्यात मेली. पेट्रोल बघायला टाकीचं झाकण उघडलं, तर आत हवा ओढल्याचा सुस्स आवाज. झाकणातलं हवेचं भोक लाल धुळीने बंद झालेलं. पेट्रोल खाली जायचं, त्याच्या जागी हवा येत नव्हती, म्हणून टाकीत निर्वात होऊन पेट्रोल थांबायचं. बारीक तारेने भोक साफ केलं, काम संपलं. तीन दिवसांची मजुरी मागायला तोंड नव्हतं. तेव्हापासून "थोडं चालून बंद पडते" म्हटलं की माझा हात आधी झाकणाकडे जातो.

बाकीच्या चुका थोडक्यात. तेल लावलेला कागदी एअर फिल्टर धुऊ नका, हवाही मारू नका, बदला. गाडीत कारचं ऑइल ओतू नका. आपला क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, तो घसरायला लागतो. डब्यावर जासो एमए (JASO MA, अशा ओल्या क्लचच्या ऑइलची खूण) लिहिलेलं बघा. पिकअप नाही म्हणून कार्बोरेटर खोलण्याआधी मेन स्टँडवर मागचं चाक हाताने फिरवा, ब्रेक धरत असेल तर लगेच कळतं. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस6 (प्रदूषणाचा नवा नियम) गाड्यांना बहुतेक कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन आहे. तिथे पिळायला स्क्रू शोधू नका, मीटरवरचा इंजिनाचा दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजून आणा.

एक आवाज मात्र पुन्हा ऐकून खात्री करायच्या फंदात पडू नका. रेस देताना तळातून येणारा जड ठकठक, गरम झाल्यावर वाढणारा. तो बिग एन्डचा, म्हणजे कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडला जातो तिथल्या बेअरिंगचा असतो. इंजिन तिथेच बंद करा आणि गाडी टेम्पोत घालून आणा. "हळूहळू चालवत आणतो" म्हणणारे बहुतेक जण वाटेतच जॅम होतात, आणि मग टेम्पो सांगावाच लागतो, वर क्रँकचं काम वेगळं.