पडद्यावरची तलवारबाज नायिका खेळात उतरवताना

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या, टेबलाभोवती बसून पात्रं रंगवायच्या खेळासाठी सिनेमाच्या शेवटच्या मारामारीत दिसते तशी नायिका पहिल्याच सत्रात बनवायला जाऊ नका. पहिल्या लेव्हलला, म्हणजे पात्राच्या सगळ्यात खालच्या पायरीवर, ती जमतच नाही. मध्यंतरापूर्वीची, अजून मार खाणारी बाई घ्या.

आधी तिची एकच खास चाल ठरवा. वार चुकवून लगेच उलटवार करणारी असेल, तर डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत फायटर हा लढवय्याचा वर्ग घ्या आणि तिसऱ्या लेव्हलला त्यातली बॅटल मास्टर ही शाखा. त्यातली रिपोस्ट ही चाल नेमकं हेच करते: समोरच्याचा वार हुकला की तुमची झटपट प्रत्युत्तराची कृती म्हणजे रिअ‍ॅक्शन आणि एक सुपिरिऑरिटी डाइस (अशा चालींसाठी मिळणारा मोजका फासा) खर्चून प्रतिवार. शस्त्र रेपियर, म्हणजे बारीक सरळ तलवार, घ्या. इजा डी८ (आठ बाजूंचा फासा), आणि फिनेस हा गुणधर्म असल्यामुळे स्ट्रेंग्थऐवजी (ताकदीऐवजी) डेक्स्टेरिटी (चपळाई) चालते. लाँगस्वर्डला ती सोय नाही. पडद्यावरची तलवार वाकडी, लांब असली तरी आकडे रेपियरचेच ठेवून फक्त वर्णन बदला. बहुतेक गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारे, हरकत घेत नाहीत. पात्राचे गुण विकत घ्यायला मिळणाऱ्या २७ पॉइंटांत डेक्स्टेरिटी १५, कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) १४, करिश्मा (छाप पाडण्याची ताकद) १४ बसतं, उरलेल्यांत १०, १० आणि ८. करिश्मा लढाईत फारसा कामाचा नाही, पण नजरेला नजर भिडवून संवाद फेकायचा तर हवाच ना!

सूडाचा हेतू चालेल. मात्र एकटीच फिरणारी नायिका टेबलावर सगळ्यांना डोकेदुखी होते, म्हणून सोबत्यांपैकी एकाची तिला खरोखर गरज असू द्या: शत्रूला चेहऱ्याने ओळखणारा तोच एक, असं काहीतरी. शत्रूचं नाव तुम्ही ठरवा, ठावठिकाणा गेम मास्टरवर सोडा.