एकसष्टीच्या जेवणानंतर बोलायचं असेल तर

एकसष्टी, पंचाहत्तरी किंवा सहस्रचंद्रदर्शन म्हटलं की घरातल्या कोणाला तरी "तू दोन शब्द बोल" असं फर्मान सुटतंच. आपल्याकडे भाषणं बहुधा जेवणाआधी उरकतात, ते उगाच नाही. ताट पुढ्यात आलं की कोणी ऐकत नाही आणि हात धुतले की लोक गाडी काढायला निघतात. तरीही बोलणं जेवणानंतरच ठरलं असेल, तर मजकुराइतकीच मेहनत वेळेवर घ्यावी लागते.

पंगती असतील तर हा नाद सोडा आणि पहिली पंगत बसण्याआधीच बोला. शेवटची उठेपर्यंत पहिलीतले लोक घरी पोचलेले असतात. बुफे असेल तर मुख्य जेवण होत आलंय आणि आइस्क्रीम-पान यायचंय, ती वेळ धरा. केटररला सकाळीच सांगून ठेवा: भाषण चालू असताना डिश उचलायच्या नाहीत, आइस्क्रीमचं काउंटर त्यानंतर उघडायचं. टबात पडणाऱ्या चमच्यांपुढे माईकचं काही चालत नाही. कार्यक्रम लॉनवर असेल तर आणखी एक: ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर वाजवता येत नाही. म्हणून साडेनऊच्या आत उभं राहायचं, असं सूत्रसंचालकाकडून कबूल करून घ्या.

लांबी पाच मिनिटं, फार तर सात. मराठीत निवांत बोलताना मिनिटाला साधारण शंभर-सव्वाशे शब्द होतात, म्हणजे सहाशे शब्द पुष्कळ झाले. घरी मोठ्याने, उभं राहून बोला आणि मोबाईलवर वेळ लावा. मनातल्या मनात वाचलं की वेळ हमखास कमी भरते. शिवाय लोक हसतात, टाळ्या वाजवतात, त्याचं मिनिटभर वेगळं.

मजकूर गोळा करायला तीन फोन पुरतात: एक भावंड, एक जुना सहकारी, एक नातवंड. "आप्पा कसे आहेत?" असं विचारलंत तर "खूप प्रेमळ" एवढंच हाती लागेल. "आप्पांची कुठली सवय अजून सुटली नाही?" असं विचारा. मग कळतं की ते लाइटबिल भरलं की त्यावर तारीख टाकून फाइलला लावतात आणि १९९१ चं बिल मागितलं तरी उठून काढून देतात. हे ऐकल्यावर "आप्पा अत्यंत शिस्तप्रिय आहेत" हे वाक्य खोडून टाका, त्याची गरज संपली. जन्मगाव, नोकरी, बदल्या, बढत्या अशी क्रमवार यादी वाचू नका. ती निमंत्रितांना पाठ असते, नसेल तर नको असते.

असे तीन किस्से तयार ठेवा, पण दोनच सांगायचे असं समजा. तिसऱ्याला पेन्सिलने चौकट करा. कार्यक्रम रखडला की तो गाळायचा; ऐनवेळी डोक्यात काटछाट करायला गेलात तर हमखास शेवटच विसरतो. पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर फक्त मुद्दे, ठसठशीत अक्षरात. मोबाईलवरून वाचलं तर स्क्रीन विझते आणि मान खालीच राहते.

विनोदाची एकच चाळणी: तो उत्सवमूर्तींच्या पत्नीला (किंवा पतीला) आधी ऐकवा. त्या हसल्या नाहीत तर गाळा. मधुमेह, टक्कल, सूनबाई, वाटणी आणि न आलेले नातेवाईक हे विषय भरल्या पोटीसुद्धा पचत नाहीत. नावं आणि सालंही त्यांच्याकडूनच तपासून घ्या. एक साल चुकलं की मागच्या टेबलावर त्यावरच चर्चा रंगते.

सुरुवातीला "व्यासपीठावरील मान्यवर" वगैरे पाढा नको. प्रत्येक वक्त्याने तो म्हटला तर त्यातच दहा मिनिटं जातात. "आप्पा, काकू आणि मंडळी" म्हणा आणि थेट पहिल्या किश्शात शिरा.

स्वतः अर्धपोटी राहा. सोड्याची पेयं टाळा, नाहीतर पहिल्या वाक्याबरोबर ढेकर येतो. माईक हनुवटीजवळ, ओठांपासून चार-पाच बोटं लांब धरा. जाळीवर मूठ आवळू नका, आवाज घुमतो. स्पीकरच्या समोर उभं राहिलात तर त्याचा आवाज पुन्हा माईकमध्ये शिरून शिट्टी वाजते, तेव्हा स्पीकरच्या मागच्या बाजूला सरका. फुंकर मारणं, टकटक करणं हे साउंडवाल्याचं काम, तेही पाहुणे यायच्या आधी.

शेवटचं वाक्य मात्र शब्दशः पाठ हवं, कारण "अजून खूप सांगण्यासारखं आहे, पण वेळेअभावी…" हे याच जागी तोंडातून निसटतं. ते वाक्य उत्सवमूर्तींकडे बघून म्हणा, नमस्कार करा आणि माईक सूत्रसंचालकाकडे द्या. आप्पांच्या हातात अचानक कोंबू नका. त्यांना उत्तरादाखल बोलायचंय का, हे आदल्या दिवशीच विचारून ठेवा.